मेलमन ३ : मेल सगळ्यांना पोचतेय, पण आर्काइव्हमधून काही मेल गायब होतायत

पोस्टकार्ड

नमस्कार मंडळी, दोन आठवडे एकाच बगच्या मागे आहे, आता डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे विचारतोय. जरा लांबलचक लिहितो कारण अर्धवट सांगितलं की अर्धवटच उत्तरं मिळतात.

आमच्या स्वयंसेवी भाषांतर गटाची मेलिंग लिस्ट आहे, साधारण साडेसहाशे सभासद. इतकी वर्षं मेलमन २.१ या लिस्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर सुखात चालली होती, पण ते पायथॉन २ वर चालतं आणि पायथॉन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० लाच संपला, नव्या सर्व्हरवर ते नीट बसेना, म्हणून शेवटी मेलमन ३ वर आलो. सेटअप नेहमीचाच, पुढे मेल घेणारा पोस्टफिक्स, मग मेलमन कोअर, वेबसाठी पोस्टोरियस, आर्काइव्हला हायपरकिटी आणि डेटाबेस मारियाडीबी. मारियाडीबी त्या मशीनवर आधीपासून होता म्हणून तोच घेतला. जुन्या लिस्टची एमबॉक्स फाइल (सगळ्या जुन्या मेल एकत्र असलेली) हायपरकिटीत इंपोर्ट केली, तिला बराच वेळ लागला पण झाली.

आता त्रास असा की मेल सगळ्या सभासदांना जाते, त्यात कधीच खंड नाही, पण आर्काइव्ह उघडलं की मधल्याच काही मेल नसतात. दिवसाला वीस मेल आल्या तर अठरा दिसतात, दोन नाहीत. कोणाच्या, कधीच्या, केवढ्या, कशाचाच पॅटर्न सापडत नाही. एकाच माणसाची सकाळची मेल आहे आणि दुपारची नाही. एका जुन्या सभासदाने शब्दकोशाच्या कामाबद्दल भलीमोठी मेल लिहिली होती, तिला आलेली सात उत्तरं आर्काइव्हमध्ये आहेत आणि मूळ मेलच नाही, उत्तरं सगळी सुटी सुटी पडलीयत. अजून विचित्र म्हणजे सभासदांना जी मेल गेली तिच्या हेडरमध्ये आर्काइव्हची लिंक आहे, ती उघडली की ४०४.

मी काय काय करून बघितलं: सगळ्या सर्व्हिस रिस्टार्ट केल्या. हायपरकिटीची एपीआय की (कोअरशी बोलायचा पासवर्ड) दोन्हीकडे सारखीच आहे. सर्च इंडेक्स नव्याने बांधला. डिस्कवर जागा आहे. काहीच फरक नाही.

आणि एक बारीकशी गोष्ट, संबंध आहे का माहीत नाही, प्रत्येक मेलखाली जी तळटीप लागते ती मी मराठीत लिहिलीय, ती काही लोकांना नीट दिसते आणि काही मेलखाली नुसती प्रश्नचिन्हं येतात.

लिस्टचं आर्काइव्ह म्हणजे आमच्या गटाचा सगळा इतिहास आहे हो, कुठला शब्द का निवडला त्याच्या चर्चा तिथेच आहेत. त्यातून मेल गळतायत हे बघवत नाही. कृपया मदत करा.

---

कळफलक

क्यूक्लस्टर चालू आहे का ते आधी बघा, हायपरकिटी ज्या जँगोवर चालतं त्याची मागची कामं तोच करतो आणि लोक वेब सर्व्हिस सुरू करतात पण तो सुरू करायला विसरतात. आणि मेलमनच्या लॉगमध्ये नेमकं काय येतंय ते टाका, लॉगशिवाय इथे सगळे अंदाजच बांधत बसतील.

---

टपालवाट

क्यूक्लस्टर बंद असेल तर थ्रेडची मांडणी, आकडे वगैरे मागे पडतात, मेल गायब व्हायचं कारण तो वाटत नाही मला. एपीआय कीचाही प्रश्न नाही, की चुकली असती तर एकही मेल दिसली नसती. वीसातल्या अठरा दिसतायत म्हणजे रस्ता उघडा आहे आणि ठराविक मेलच कशाला तरी अडखळतायत. पॅटर्न आहेच, तुम्हाला अजून दिसलेला नाही एवढंच.

आधी मेलचा रस्ता डोळ्यासमोर आणा, मग शोधणं सोपं जाईल. पोस्टफिक्स मेल घेतो आणि एलएमटीपी या पद्धतीने मेलमनच्या हातात देतो, बहुतेक सेटअपमध्ये लोकलहोस्टच्या ८०२४ पोर्टवर. मेलमन ती 'इन' नावाच्या क्यूमध्ये (रांगेत) ठेवतो. तिथून नियम तपासले जातात, मेल धरून ठेवायची का सोडायची ते ठरतं, मग ती पाइपलाइनमध्ये जाते आणि इथे तिला फाटे फुटतात: एक प्रत 'आर्काइव्ह' क्यूला, एक डायजेस्टसाठी (अनेक मेलचा एकत्र गठ्ठा) बाजूला आणि एक 'आउट' क्यूला. आउटवाली सभासदांना जाते. म्हणजे सभासदांना मेल पोचली यावरून आर्काइव्हबद्दल काहीच सिद्ध होत नाही, ते दोन वेगळे रस्ते आहेत आणि एकावर अपघात झाला तरी दुसऱ्याला पत्ता लागत नाही.

हेडरमधल्या लिंकचं कोडंही तिथेच सुटतं. ती लिंक मेसेज-आयडीचा (प्रत्येक मेलच्या वेगळ्या ओळखक्रमांकाचा) एसएचए-१ हॅश, म्हणजे ठराविक सूत्राने येणारा संकेत, काढून त्यावरून बनते, मेल आर्काइव्हमध्ये पडायच्या आधीच. त्यामुळे लिंक कायम बरोबर दिसणार, उघडल्यावर मेल असेलच असं नाही.

आता एकच गायब मेल निवडा. ती शब्दकोशवाली घ्या, कारण ती कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये आहेच. तिचा मेसेज-आयडी काढा आणि तो धरून चालत जा. पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये शोधा, मग मेलमनच्या एसएमटीपी लॉगमध्ये, मग मेलमनच्या मुख्य लॉगमध्ये त्याच वेळेच्या आसपास. जिथे तिचा माग संपतो तिथे बग आहे. दहा मेल एकदम बघायला जाऊ नका, एकच बघा.

दोन फोल्डर नक्की उघडा. पहिला, मेलमनच्या व्हार डिरेक्टरीत क्यूच्या आत 'शंट'. कुठल्याही टप्प्यावर पायथॉनमध्ये न पकडलेली एरर आली की मेल फेकून न देता मेलमन ती तिथे नेऊन ठेवतो. दुसरा, व्हारच्याच आत आर्काइव्हज, त्यात हायपरकिटी, त्यात 'स्पूल'. कोअरने हायपरकिटीला मेल दिली आणि तिकडून नकार आला तर ती इथे साठते आणि पुढची मेल आली की या अडकलेल्यांना पुन्हा पाठवून बघितलं जातं. हा दुसरा फोल्डर फार कमी लोकांना माहीत असतो.

एक कळकळीची विनंती. या फोल्डरमधलं काहीही डिलीट करू नका, आधी पूर्ण व्हार डिरेक्टरीची कॉपी दुसरीकडे काढून ठेवा. मी माझ्या सुरुवातीच्या दिवसांत शंटमधल्या फाइली बघितल्या, नावं नुसते आकडे आणि शेवटी पीसीके, मला वाटलं जुना कचरा आहे, उडवल्या. त्यात एका बाईंनी मदतीसाठी लिहिलेली मेल होती, त्या तीन आठवडे उत्तराची वाट बघत बसल्या आणि मग लिस्ट सोडून गेल्या. नंतर त्यांनी दुसरीकडून कळवलं तेव्हा मला समजलं. ते अजून मनातून जात नाही.

---

पोस्टकार्ड

टपालवाट, तुमचे आभार कसे मानू. स्पूलमध्ये ४१ फाइली आहेत! आणि शंटमध्ये २. म्हणजे मेल हरवलेल्या नाहीत, अडकल्यायत. खूप बरं वाटलं. कॉपी काढून ठेवलीय, डिलीट काहीच केलं नाही.

शब्दकोशवाल्या मेलचा माग काढला. पोस्टफिक्सकडे आहे, एसएमटीपी लॉगमध्येही आहे, आणि मुख्य लॉगमध्ये त्याच मिनिटाला हायपरकिटी आर्काइव्हरमध्ये एक्सेप्शन आणि त्याच्यापुढे सर्व्हर एरर ५०० असं लिहिलंय. तीच एरर दिवसभर पुन्हा पुन्हा आलीय, मी आधी बघितली होती पण मला वाटलं कधीतरी वेब सर्व्हिस बंद असताना आली असेल. तुम्ही सांगितल्यावर कळलं की अडकलेल्या मेल परत परत दार वाजवतायत म्हणून ती परत परत येते.

मग जँगोचा लॉग उघडला. लांबच लांब ट्रेसबॅक (एरर कुठून कुठे आली त्याची यादी), शेवटची ओळ अशी: इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू, पुढे एफ० ९एफ ९९ ८एफ असे चार बाइट आणि मग कॉन्टेन्ट कॉलमचं नाव. म्हणजे कॅरॅक्टर सेटचा (अक्षरं कशी साठवायची त्या पद्धतीचा) घोळ दिसतोय. पण मला हे पटत नाहीये, कारण आमच्या लिस्टवर ऐंशी टक्के मेल मराठीत असतात आणि त्या व्यवस्थित साठतायत, देवनागरी चालतंय म्हणजे यूटीएफ-८ बरोबर आहे ना? डेटाबेस बनवतानाही मी यूटीएफ-८ च सांगितलं होतं, मला पक्कं आठवतंय.

---

अनुस्वार

तुमचं उत्तर त्या चार बाइटमध्येच आहे :) मोजा, चार आहेत.

यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षर एका बाइटचं. देवनागरीचा पट्टा यू+०९०० ते यू+०९७एफ, तिथलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं आणि त्याची सुरुवात ई० ने होते. एफ० ने सुरू होणारं म्हणजे चार बाइटचं, यू+१०००० च्या पलीकडचं. तुमचे बाइट उलगडले तर यू+१एफ६४एफ येतो, तो हात जोडलेला इमोजी. कोणीतरी मेलच्या शेवटी धन्यवाद म्हणून तो लावला आणि मेल अडकली.

आता मारियाडीबी आणि मायएसक्यूएल दोघांचा जुना घोळ असा की त्यांच्याकडे 'यूटीएफ८' नावाने जे मिळायचं ते पूर्ण यूटीएफ-८ नव्हतंच, एका चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट एवढंच त्यात मावायचं. पूर्णवाल्याचं नाव त्यांनी वेगळं ठेवलं, यूटीएफ८एमबी४, ते मायएसक्यूएलमध्ये २०१० साली ५.५.३ ला आलं. नावात यूटीएफ८ बघून माणूस निर्धास्त होतो, तुमचंही तेच झालं, यात तुमची चूक फार नाही, नावच फसवं आहे.

म्हणून तुम्हाला पॅटर्न दिसत नव्हता. देवनागरी तीन बाइटात बसतं म्हणून लिस्ट बघताना सगळं ठीक वाटतं. नुसती इंग्रजी लिस्ट असती तरी लक्षण तेच, इमोजी आला की अडलं. आणि तो कधी मजकुरात, कधी विषयात, कधी पाठवणाऱ्याच्या नावात, कधी जोडलेल्या फाइलच्या नावात असतो, त्यामुळे मेल उघडून वरवर बघितलं तर कळतही नाही.

खात्री करून घ्या, माझ्यावर विश्वास ठेवून सरळ बदल करू नका. हायपरकिटी-ईमेल टेबलची व्याख्या शो क्रिएट टेबलने बघा, शेवटी कॅरसेट (कॅरॅक्टर सेट) कुठला लिहिलाय ते दिसेल. आणि स्पूलमधल्या चार-पाच फाइली मेलमनच्या क्यूफाइल कमांडने उघडून बघा, मजकूर बेस६४ मध्ये (सांकेतिक अक्षरांत) असला तर उलगडून घ्यावा लागेल, सगळ्यात इमोजी सापडला तर निदान पक्कं.

दुरुस्ती:

आधी डेटाबेसचा पूर्ण डंप (बॅकअप). मग कोअर, वेब आणि क्यूक्लस्टर तिन्ही बंद, ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारं क्रॉनही थांबवा. पोस्टफिक्स चालू राहू दे, मेलमन बंद असेपर्यंत तो मेल स्वतःकडे धरून ठेवेल आणि नंतर देईल, काही हरवत नाही.

मग डेटाबेसचा डीफॉल्ट कॅरसेट बदला, पण तेवढ्यावर थांबू नका. अल्टर डेटाबेस फक्त पुढे बनणाऱ्या टेबलांना लागू होतं, आधीची टेबलं जशीच्या तशी राहतात, इथे खूप जण फसतात आणि मग म्हणतात बदललं तरी एरर येतेच. प्रत्येक टेबल कन्व्हर्ट टू कॅरॅक्टर सेट करून वेगळं बदलावं लागतं.

त्यात दोन अडथळे येऊ शकतात. एक, जुन्या रो फॉरमॅटमध्ये (टेबलातल्या ओळी साठवायच्या पद्धतीत) इंडेक्सची लांबी ७६७ बाइटपर्यंतच चालते. २५५ अक्षरांचा कॉलम चार बाइटने धरला की १०२० होतात, म्हणून एरर येते. टेबलाचं रो फॉरमॅट डायनॅमिक केलं की मर्यादा ३०७२ होते आणि प्रश्न मिटतो. कॉलम १९१ अक्षरांवर कापा असा सल्ला कुठेतरी वाचायला मिळेल, तो घेऊ नका, जँगोला ते कळणार नाही आणि पुढच्या मायग्रेशनला (टेबलांची रचना बदलताना) त्रास होईल. दोन, हायपरकिटीत पाठवणाऱ्याचं टेबल आणि ईमेलचं टेबल ईमेल पत्त्याच्या कॉलमने एकमेकांना बांधलेले आहेत, म्हणून एकाचा कॅरसेट बदलताना फॉरेन की, म्हणजे ती बांधणीच, आडवी येते. त्या सेशनपुरती फॉरेन कीची तपासणी बंद करा, दोन्ही टेबलं बदला, परत चालू करा.

शेवटी कनेक्शन. जँगोच्या सेटिंगमध्ये डेटाबेसच्या ऑप्शन्सात कॅरसेट यूटीएफ८एमबी४ द्या, आणि कोअरच्या कॉन्फिगमधल्या डेटाबेस यूआरएलच्या शेवटीही द्या. टेबल बरोबर आणि कनेक्शन जुनं असेल तरी मार खाल.

सगळं सुरू करून लिस्टवर एक चाचणी मेल टाका, तिच्याबरोबर स्पूलमधल्या मेल आपोआप जातील.

तळटीपेचं वेगळं आहे. मेलमनमध्ये इंग्रजी भाषेचा कॅरसेट मुळात यूएस-आस्की ठरलेला असतो आणि लिस्टची भाषा इंग्रजी ठेवली असेल तर तिथे देवनागरी मावत नाही, म्हणून प्रश्नचिन्हं. कोअरच्या कॉन्फिगमध्ये भाषेच्या विभागात इंग्रजीचा कॅरसेट यूटीएफ-८ करून रिस्टार्ट करा.

---

रिकामी_ओळ

एवढा खटाटोप कशाला, सरळ पोस्टग्रे डेटाबेसवर जा, तिथे यूटीएफ-८ म्हणजे यूटीएफ-८ च असतं.

---

अनुस्वार

नव्याने बसवत असते तर मीही तेच सांगितलं असतं. पण ४१ मेल अडकलेल्या असताना डेटाबेसच बदलायला काढला तर काही बिघडल्यावर ते जुन्या बगमुळे की नव्या स्थलांतरामुळे हे कोण सांगणार? एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी हे निस्तरू दे, मग महिन्याभराने शांतपणे पोस्टग्रे.

---

टपालवाट

अनुस्वारने छान सांगितलंय, माझ्याकडून दोनच गोष्टी.

पोस्टकार्ड, जुन्या इंपोर्टचा विचार केलात का? तो इंपोर्ट याच टेबलांत झालाय. तुमचा मारियाडीबी स्ट्रिक्ट मोडमध्ये (न बसणारा मजकूर सरळ नाकारायची सेटिंग) असेल तर इमोजीवाल्या जुन्या मेल इंपोर्टच झाल्या नसतील. आणि स्ट्रिक्ट नसेल तर त्याहून वाईट, तेव्हा डेटाबेस तक्रार न करता मजकूर पहिल्या इमोजीपाशी कापून साठवतो आणि पुढचं सगळं जातं. तुम्हाला ५०० एरर येतेय म्हणजे बहुधा स्ट्रिक्ट आहे, मारियाडीबीत १०.२.४ पासून ते डीफॉल्टच आहे, पण एकदा बघून घ्या. कापलेल्या मेल असतील तर नुसती टेबलं बदलून त्या परत येणार नाहीत, मूळ एमबॉक्समधूनच आणाव्या लागतील. एमबॉक्स जपून ठेवलीय ना?

दुसरं, शंटमधल्या दोन फाइली. त्या या प्रकरणातल्या नसाव्यात, कारण हायपरकिटीने नाकारलेली मेल स्पूलमध्ये जाते. शंट म्हणजे कोअरमध्येच काहीतरी फुटलंय. त्याच वेळेचा ट्रेसबॅक मुख्य लॉगमध्ये असेल, तो टाका. शंटमधल्या मेल परत रांगेत सोडणारी अनशंट कमांड आत्ता चालवू नका, एररचं मूळ कारण दूर न करता ती चालवली तर मेल परत तिथेच येऊन पडते.

---

पोस्टकार्ड

काल रात्री सगळं केलं. सविस्तर लिहितो, कोणाला तरी पुढे उपयोग होईल.

निदान शंभर टक्के बरोबर. टेबलावर यूटीएफ८ होतं, आणि मी उघडलेल्या सहाच्या सहा फाइलींत इमोजी निघाला. शब्दकोशवाल्या मेलमध्ये शेवटच्या ओळीत एकच होता. एका इमोजीने ती सगळी मेल अडवून धरली होती.

डंप घेतला, सर्व्हिस बंद केल्या, टेबलं बदलली. ७६७ वाली एरर दोन टेबलांवर आली, रो फॉरमॅट डायनॅमिक केल्यावर गेली. सगळं सुरू केलं, चाचणी मेल टाकली आणि स्पूलमध्ये बघत बसलो, ४१ वरून आकडा उतरत उतरत ३ वर आला आणि तिथेच थांबला. परत चाचणी, परत ३. खूप वाईट वाटलं तेव्हा. मग तुमचंच ऐकलं, त्यातली एक फाइल घेतली आणि माग काढला. एरर तीच, पण कॉलमचं नाव वेगळं, कॉन्टेन्टच्या जागी नेम. तिन्ही मेलला फाइल जोडलेली आणि फाइलच्या नावात इमोजी. मी टेबलांची यादी हाताने टाइप केली होती आणि अटॅचमेंटचं टेबल राहूनच गेलं होतं. ते बदललं, स्पूल रिकामं झालं.

मारियाडीबी स्ट्रिक्टच आहे, म्हणजे कापलेलं काही नाही. पण इंपोर्टचं टपालवाट यांनी म्हटलं तसंच झालंय. मी एमबॉक्समधल्या मेल मोजल्या आणि आर्काइव्हमधल्या मोजल्या, फरक शंभराच्या वर आहे. इंपोर्टच्या वेळी स्क्रीनवर काहीतरी फेल फेल जात होतं, मी इतक्या हजारांत थोडं चालायचंच म्हणून सोडून दिलं होतं. आता एमबॉक्स परत इंपोर्ट केली तर सगळ्या मेल दोनदा होतील का ही भीती वाटतेय. आणि एकदा करून बघायचं धाडस केलं तर त्याने एकही मेल घेतली नाही, लगेच संपला.

शंटचा ट्रेसबॅक: शेवटी युनिकोड एन्कोड एरर, 'सरोगेट्स नॉट अलाउड' असं आहे.

---

अनुस्वार

दोनदा होणार नाहीत, हायपरकिटी मेसेज-आयडी बघून आधीची मेल सोडून देतो. लगेच संपला त्याचं कारण वेगळं, आर्काइव्हमध्ये आधीच मेल असतील तर इंपोर्ट त्यातली सगळ्यात नवी तारीख धरतो आणि त्याच्यानंतरच्याच मेल घेतो. तुमच्या सगळ्या राहिलेल्या मेल त्याआधीच्या आहेत. 'सिन्स' ऑप्शन देऊन लिस्ट सुरू व्हायच्या आधीची एखादी तारीख टाका, १९८० सालची दिली तरी चालते.

चालवायच्या आधी एमबॉक्स तपासून घ्या. मेलच्या मजकुरात एखादी ओळ फ्रॉम शब्दाने सुरू झाली आणि तिच्याआधी मोठ्याचं चिन्ह लावलेलं नसलं, तर एमबॉक्स वाचणाऱ्याला तिथे नवीन मेल सुरू झाली असं वाटतं, मेलचे दोन तुकडे होतात. मेलमन २.१ च्या जुन्या फाइलींत हे हमखास सापडतं. हायपरकिटीच्या सोर्समध्ये कॉन्ट्रिब फोल्डरात याच्यासाठी स्क्रिप्ट दिल्यायत, एक तपासते, एक साफ करते. तुमच्या त्या शंभरात थोड्या अशाही असतील, सगळं खापर इमोजीवर फुटणार नाही बहुतेक.

इंपोर्ट झाल्यावर त्या एका लिस्टचा सर्च इंडेक्स अपडेट करायची कमांड द्या, इंपोर्ट स्वतः ते करत नाही.

---

टपालवाट

सरोगेट्सबद्दल. पायथॉनला मेलमध्ये असे बाइट सापडले की जे सांगितलेल्या कॅरसेटमध्ये बसत नाहीत, तर तो ते टाकून न देता खास सरोगेट चिन्हांच्या रूपात तात्पुरते जपून ठेवतो. पुढे कोणीतरी ते खऱ्या यूटीएफ-८ मध्ये लिहायला गेलं की ही एरर. बहुतेक वेळा पाठवणाऱ्याने विषयाच्या ओळीत देवनागरी तसंच्या तसं, एन्कोड न करता कोंबलेलं असतं. साध्या मेल क्लायंटकडून हे होत नाही, एखादी स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट किंवा फॉर्म मेल पाठवत असेल तर होतं. क्यूफाइलने उघडून बघा, पाठवणारा कोण आहे ते.

दोन रस्ते आहेत. पाठवणारी स्क्रिप्ट तुमच्या गटाचीच असेल तर ती सुधारा, हेडर नीट एन्कोड होऊ द्या. आणि तरीही मेलमनची नवी आवृत्ती लावून बघा, असे बरेच कोपरे वेळोवेळी दुरुस्त झालेत. नव्या आवृत्तीतही फुटत असेल तर तो खरा बग आहे, मेलमनच्या गिटलॅबवर (त्याचा कोड ठेवलेली साइट) टाका. वाईट मेल आली तरी सॉफ्टवेअरने कोसळायचं नसतं.

बग टाकताना एवढं करा. आधी तीच एरर कोणी टाकलीय का शोधा. पूर्ण ट्रेसबॅक द्या, शेवटची ओळ नको, कुठल्या फाइलीतल्या कुठल्या फंक्शनला फुटलं ते मधल्या ओळींतच असतं. कोअर, पायथॉन, पोस्टोरियस सगळ्यांच्या आवृत्त्या लिहा. आणि तो बग आणणारी सगळ्यात छोटी मेल बनवा: मूळ मेल घ्या, मजकूर उडवा, बघा अजून फुटते का, एकेक हेडर उडवा, बघा. शेवटी चार ओळी उरतील. लोकांची नावं, पत्ते त्यातून काढून टाका, हे विसरू नका, ती मेल सभासदाने लिस्टसाठी लिहिलीय, जगासाठी नाही. आणि मेल क्लायंटमधून फॉरवर्ड करून पाठवू नका, फॉरवर्ड करताना क्लायंट हेडर नव्याने लिहितो आणि नेमका बगच दुरुस्त होऊन जातो. मूळ बाइट असलेली फाइलच जोडा.

हे सगळं सांभाळणारी माणसं बरीचशी आपापल्या वेळेतून काम करतात, चार ओळींची मेल हातात मिळाली की त्यांचा अर्धा दिवस वाचतो.

---

खिडकीजवळ

धागा वाचतोय, खूप शिकायला मिळालं. विषय थोडा बाजूचा आहे पण विचारतो, आमच्या लिस्टवर काही सभासदांना मेल यायची आपोआप बंद होते, बाउन्स झाल्याचं लिहिलेलं असतं, पण त्यांचे पत्ते तर चालू आहेत. हाही डेटाबेसचा प्रकार असेल का?

---

कळफलक

नाही, तो डीमार्कचा, म्हणजे मेल खरंच त्या पत्त्यावरून आली का ते पडताळण्याच्या व्यवस्थेचा. पाठवणाऱ्याच्या डोमेनने 'आमच्या नावाने आलेली पण पडताळणी न होणारी मेल नाकारा' असं धोरण लावलं असेल तर लिस्टमधून गेलेली त्याची मेल बाकीच्यांचे सर्व्हर परत पाठवतात. एप्रिल २०१४ मध्ये याहूने हे लावलं तेव्हा जगभरच्या लिस्ट एका दिवसात अडचणीत आल्या होत्या. शिक्षा मात्र मेल घेणाऱ्याला होते, त्याच्या खात्यावर बाउन्सचा गुण चढतो, दिवसाला एकच धरला जातो आणि नेहमीच्या सेटिंगला ५ झाले की त्याची मेल बंद. पोस्टोरियसमध्ये लिस्टच्या सेटिंगला डीमार्कचा विभाग आहे, तिथे फ्रॉमच्या जागी लिस्टचा पत्ता लावा हा पर्याय निवडा, मग बंद पडलेल्या सभासदांची डिलिव्हरी परत सुरू करा. आणखी अडलं तर नवा धागा काढा, इथे गुंता होईल.

---

पोस्टकार्ड

शेवटची खबर देतो.

एमबॉक्स तपासली, अनुस्वार म्हणाले तसंच निघालं, तुटलेल्या मेल पण होत्याच. साफ करून, सिन्स देऊन परत इंपोर्ट केली. आता ११ मेल सोडून सगळ्या जुळतात आणि त्या ११ चं कारणही माहितीये, त्यांना तारीखच धड नाही, त्या एकेक करून बघेन. तळटीप सगळ्यांना मराठीत दिसतेय.

शंटमधल्या दोन्ही मेल आमच्याच नोंदणी फॉर्मच्या स्क्रिप्टने पाठवलेल्या निघाल्या, नवीन सभासद व्हायचंय म्हणून दोघांनी भरलेला फॉर्म. दोघांनाही आज सकाळी मी स्वतः मेल लिहून उशीर झाल्याबद्दल क्षमा मागितली, एकाचं उत्तर आलंय, ते येतायत. स्क्रिप्ट सुधारली. तरी कोअर कोसळायला नको होता हे पटलं, म्हणून नवी आवृत्ती चाचणी मशीनवर लावून बघतोय, तिथेही फुटली तर पाच ओळींची मेल तयार ठेवलीय, बग टाकतो.

आणि ती शब्दकोशवाली मेल आर्काइव्हमध्ये आली. पहिल्या दिवशी ती एकटीच एका बाजूला होती आणि सात उत्तरं तशीच सुटी, मला वाटलं आता हे हाताने जोडावं लागणार. पण क्रॉनमधलं एक काम अशी अनाथ उत्तरं शोधून मूळ मेलला जोडतं, आज उघडलं तर सातही तिच्याखाली ओळीने लागलेली.